शेवटच्या शेताची पाळी

(मंडळाच्या वर्धापनदिनी, रथसप्तमीच्या हळदीकुंकवाच्या समारंभात केलेले भाषण. स्मरणिकेसाठी वक्त्या भगिनींनी स्वतःच लिहून दिले आहे.)



आजच्या कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘व्याख्यान’ असा शब्द छापलेला पाहिला आणि माझ्या पोटात गोळाच आला. व्याख्यान देणे हे विदुषींचे काम. मी आपली एका प्रवासाची हकीकत सांगणार आहे. ती ऐकताना कुणाला वाण लुटायची घाई झाली तर खुशाल उठावे, मी राग मानणार नाही.

गेल्या वर्षी जानेवारीत आम्ही तिघीजणी चार दिवस सायकलवरून आपल्याच जिल्ह्यातून हिंडून आलो. तिघी म्हणजे आमच्या शेजारच्या काकू, वय वर्षे पासष्ट. मी, साठीला टेकलेली. आणि माझी भाची, जिच्या सायकलीला दिवे, घंटा, पाण्याची बाटली, सगळे काही होते. सारा प्रवास सुमारे पावणेदोनशे किलोमीटरांचा. आपल्या नाशकातले डॉक्टर महाजन बंधू २०१५ साली अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंतची सुमारे ४,८०० किलोमीटरांची शर्यत पुरी करून आले. त्यांच्यापुढे आमची ही मजल म्हणजे अंगणातली फुगडी. पण फुगडी घालतानाही दम लागतोच!

घरी ही कल्पना काढली तेव्हा आमच्या ह्यांनी वर्तमानपत्र खाली न करता विचारले, “सायकलवरून? मग रिक्षा कुठपर्यंत पाठवू?” सूनबाईने मात्र स्वतःची गिअरची सायकल पुढे केली. मी सायकल शिकले ती शाळकरी वयात, भाड्याने आणलेल्या, दांडी असलेल्या उंच सायकलवर, पाय दांडीखालून घालून. लग्नानंतर सायकल सुटली ती सुटलीच. मंडळाच्या सहलीला आपण नेहमी बसने जातो. बसच्या खिडकीतून शेते पळताना दिसतात. सायकलवरून ती थांबून आपल्याशी बोलतात. हे मला या चार दिवसांत कळले.

पहिला दिवस कोरडवाहू मुलखाचा. नाशिकरोडवरून पहाटे निघालो, पळसे मागे टाकले आणि मोहदरीच्या घाटाला लागलो. घाट मोठा नाही, मोटारीत बसून तो केव्हा आला नि गेला ते कळतही नाही. सायकलवर मात्र त्याचे प्रत्येक वळण कळते. काकू आणि मी सरळ खाली उतरलो आणि सायकली ढकलत चालू लागलो. बाजूने ट्रकमधून जाणारी पोरे ओरडली, “आजी, टाका गिअर!” काकूंनी मागे न बघता उत्तर दिले, “पायांचा टाकलाय रे!”

सिन्नरला गोंदेश्वराच्या देवळात दशम्या सोडल्या. यादवांच्या काळातले ते काळ्या दगडाचे देऊळ तुम्ही पुष्कळजणींनी पाहिले आहे. एके काळी यादवांची राजधानी असलेले हे गाव पुढे विड्या वळणाऱ्या बायकांचे गाव म्हणून ओळखले गेले. याचे कारण शोधायला लांब जावे लागत नाही. सिन्नर ओलांडून वावीच्या रस्त्याला लागले की ते डोळ्यांसमोर पसरलेले असते. आपल्या जिल्ह्यात पश्चिमेला इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरांवर पाऊस पडतो, आणि सिन्नर-येवल्याच्या पूर्व भागात तो पाच-सहाशेच्या घरात येतो. ढग सह्याद्रीवरच रिते होतात. पलीकडच्या शेतांना उरलेसुरले मिळते. शेतात पिकत नाही म्हणून मग सुपात तंबाखू आणि पाने घेऊन उंबऱ्यात बसायचे. सिन्नरच्या किती तरी बायकांची उमर अशी गेली.

मैत्रिणींनो, हा माझ्या माहेरचा मुलूख. तिथे बाजरी, मटकी, हुलगा पावसावर येतो; विहिरीला पाणी असले तर हरभरा आणि चार वाफे गहू. १९७२ च्या दुष्काळात मी आठ वर्षांची होते. माझी आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जात असे. आम्ही रेशनवरच्या तांबड्या मिलोची भाकरी खाल्ली आहे आणि कामावर वाटलेली सुकडीही खाल्ली आहे. त्या वेळी गावाबाहेर जो पाझर तलाव झाला त्याच्या बांधावर आम्ही सायकली टेकवल्या. भाची म्हणाली, “मावशी, किती छान तळं!” तळ्यात जानेवारीतच तळ दिसू लागला होता. पण त्या बांधातल्या कोणत्या तरी दगडाला माझ्या आईचा हात लागलेला आहे, असे मनात येऊन मी काही बोलले नाही.

रात्री दादाच्या घरी मुक्काम. दादाने २०१६ नंतर शेततळे केले आहे. खड्ड्यात काळा प्लॅस्टिकचा कागद अंथरलेला, भोवती तारेचे कुंपण. मला वाटले, पावसाचे पाणी साठवतात. दादा हसला. म्हणाला, “पाऊस भरेल तेव्हा भरेल ताई, आम्ही बोअरचं पाणी उपसून यात ठेवतो. शेजाऱ्यानं उपसायच्या आधी आपण उपसायचं.” जमिनीच्या पोटातले गार पाणी वर काढून उन्हात पसरायचे, त्यातले काही वाफ होऊन जाणार, आणि दोन शेते पलीकडची विहीर आटणार. हे दादाला कळत नाही असे नाही. पण शेजारी थांबत नाही तोवर मी का थांबू, असे प्रत्येकजण म्हणतो.

जेवणे झाल्यावर वहिनी आणि मी ओट्यावर बसलो होतो. वहिनी सहज म्हणाली, “ठिबकच्या अनुदानाचा अर्ज करायचा होता. हे आजारी होते म्हणून मी गेले. तिथला माणूस म्हणाला, बाई, उताऱ्यावर तुमचं नाव कुठाय? पस्तीस वर्षं या मातीत राबते वन्सं, पण कागद म्हणतो मी इथली कोणीच नाही.”

ते ऐकून मी गप्प झाले. कारण त्याच उताऱ्यावर एकदा माझेही नाव लागायचे होते. वडील गेल्यावर तेराव्याच्या आतच एक कागद पुढे आला आणि मी त्यावर सही केली. हक्कसोडपत्र! मी ते वाचलेसुद्धा नाही. भावाकडचे येणे-जाणे राहावे, माहेरची साडी-चोळी राहावी, एवढाच माझा हिशेब होता. मला त्याचा पश्चात्ताप झाला असे नव्हे. दादाचे पोट त्या जमिनीवर आहे, माझे नाही. पण मी सोडलेला हक्क गेला कुठे? तो वहिनीकडे आला नाही. दोन बायका त्या ओट्यावर बसलो होतो. एकीने नाव सोडले होते आणि दुसरीचे कधी लागलेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी वडांगळीच्या बाजूने उत्तरेला निघालो. वाटेत देवनदी लागते. या नदीवर इंग्रजी अमदानीतले जुने वळणबंधारे आहेत. नदीचे पाणी अडवून पाटाने शेताला द्यायचे, पंप नाही, वीज नाही. मधल्या काळात ते पाट बुजून गेले होते. पुढे लोकांनी गाळ काढून पुष्कळसे वाहते केले. ज्या गावांतून असा पाट वाहतो तिथे हरभऱ्याशेजारी गहू आणि कांदा दिसू लागतो आणि रस्त्यावर बाभळीच्या सावलीचा गारवा लागतो. त्याच बाभळीच्या काट्याने काकूंच्या सायकलीचे चाक बसले. पंक्चर काढणारा पुढच्या गावात. भाचीने स्वतःजवळचे सामान काढून, टायर सोडवून, तपेल्यातल्या पाण्यात ट्यूब बुडवून बुडबुडा शोधला. भोवती गावातली दहा-बारा माणसे जमली. एका म्हाताऱ्या बाईने आपल्या नातीला पुढे ढकलले आणि म्हणाली, “बघून घे गं, पोरीनं चाक कसं काढलंय.”

दुपारी नांदूरमध्यमेश्वरला पोचलो. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ विसाव्या शतकाच्या आरंभी हा बंधारा बांधला. वरच्या अंगाला इगतपुरी तालुक्यात १९१६ साली दारणा धरण झाले. तिथे साठलेले पाणी नदीतून इथे यायचे आणि इथून डाव्या-उजव्या कालव्यांनी कोपरगाव-राहात्याकडे जायचे, अशी ही योजना. तिकडचा ऊस आणि साखर कारखाने या पाण्यावर उभे राहिले. बंधाऱ्यामागे शंभर वर्षे गाळ साचत गेला, त्यात लव्हाळे माजले, आणि पाखरांनी तिथे आपले गाव वसवले. २०२० साली या पाणथळीला रामसर यादीत स्थान मिळाले. महाराष्ट्रातले असे हे पहिलेच ठिकाण. चापडगावच्या मनोऱ्यावरून आम्ही चक्रवाकांच्या जोड्या पाहिल्या, जांभळ्या पाणकोंबड्या पाहिल्या. काकू म्हणाल्या, “चक्रवाकं रात्री एकमेकांपासून दूर राहतात म्हणतात. बरंच आहे, घोरण्याचा त्रास नाही!”

गोदावरीचे पाणी इथे संपत नाही. ते पुढे पैठणला जायकवाडीच्या नाथसागरात जाते. या धरणाचा पाया १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते घातला गेला. पुढे २०१४ साली जलसंपत्ती प्राधिकरणाने ठरवून दिले, की ऑक्टोबरच्या मध्याला जायकवाडीत ठरावीक साठा झाला नसेल तर वरच्या धरणांनी, म्हणजे आपल्या नाशिक-नगरच्या धरणांनी, खाली पाणी सोडावे. तेव्हापासून पाणी सोडायची वेळ आली की आपल्याकडे मोर्चे निघतात, न्यायालयात धाव घेतली जाते. मीही घरात बसून म्हटले आहे, “आपलं पाणी का द्यायचं?” पण त्या बंधाऱ्यावर उभी असताना मनात आले: काल मी दादाच्या गावी होते, तिथले लोक आपल्याबद्दल अगदी हेच म्हणतात. प्रत्येकाला आपण मधले वाटतो. शेवटचा कोण, हे शेवटच्यालाच ठाऊक असते.

निफाडला काकूंच्या नणंदेकडे राहिलो. थंडी म्हणजे काय ते निफाडला जानेवारीत कळते. तिथल्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा किती उतरला ते आपण वर्तमानपत्रात वाचतो. पहाटे साडेपाचला बाहेर आलो तो द्राक्षबागांतून जागोजाग धूर निघत होता. बागाईतदार रात्रभर शेकोट्या पेटवून बसले होते. थंडीने मणी तडकतात आणि वर्षाचा पैसा एका रात्रीत जातो. आपण बाजारात द्राक्षांचे भाव करताना या जागरणाचा विचार करत नाही. त्या दिवसापासून मी भाव करते, पण जरा बेताने.

तिसरा दिवस निफाड ते पिंपळगाव बसवंत आणि तिथून ओझर. हा पाण्याचा मुलूख. रस्त्याच्या दोन्ही अंगांना तारांवर चढवलेले वेल, मुळाशी ठिबकच्या काळ्या नळ्या, आणि रस्त्याने लाल कांद्याने भरलेले ट्रॅक्टर. अर्धा कांदा रस्त्यावर सांडतो आणि अर्धा सायकलवाल्यांच्या अंगावर, असे वाटते. द्राक्षाचे काम मी जवळून प्रथमच पाहिले. वर्षात दोन छाटण्या, एक उन्हाळ्यात आणि एक ऑक्टोबरच्या सुमारास. पहिलीने काडी तयार होते, दुसरीने फळ येते. मग फेलफुटी काढायच्या, घड औषधात बुडवायचे, विरळणी करायची. पानावर बुरशी आली की फवारा. परदेशी पाठवायच्या मालात औषधाचा अंश किती उरला याची तपासणी होते. २०१० साली एका संजीवकाचा अंश सापडल्यामुळे युरोपात आपला माल अडकला आणि पुष्कळांचे संसार मोडकळीला आले.

एका उशिरा छाटलेल्या बागेत विरळणी चालली होती. आम्ही परवानगी विचारून आत गेलो. पंधरा-वीस बायका हात वर करून, लहान कात्रीने घडातले मणी कापून काढत होत्या. प्रत्येक घडात शंभराच्या आसपास मणी ठेवायचे, म्हणजे राहिलेला मणी टपोरा होतो. मी दहा मिनिटे कात्री घेतली आणि माझी मान आखडली. त्या दिवसभर मान वर करून उभ्या असतात. ही टोळी सुरगाणा तालुक्यातली. कामाचे उक्ते, एकरावर. रात्री बागेच्या कडेला पत्र्याच्या खोलीत झोपायचे, लेकरे बरोबरच.

मी एकीला विचारले, “तुमच्याकडे तर केवढा पाऊस! भात, नागली पिकत असेल. मग इतक्या लांब का येता?” ती हसली. म्हणाली, “पाऊस आमचा बाई, पाणी दुसऱ्याचं.” आणि खरेच आहे ते. सुरगाणा-पेठचा पाऊस नार, पार, दमणगंगा या नद्यांनी पश्चिमेला उतरून जातो. उतारावर तो ठरत नाही. ज्या गावांवर आभाळ फुटते त्याच गावांतल्या बायका एप्रिल-मेमध्ये झऱ्यावर वाटीवाटीने पाणी भरत रात्र काढतात. आणि तोपर्यंत इकडे बागेला ठिबकने मोजून पाणी मिळत असते. त्या बाईने द्राक्षाचा एक मणी माझ्या भाचीच्या हातावर ठेवला. आंबट होता. “पिकल्यावर कुणी देत नाही म्हणून आत्ताच खा,” असे ती म्हणाली.

ओझरला जाताना डाव्या-उजव्या हाताला गावे मागे पडत होती आणि काकू मला चांदवडची आठवण सांगत होत्या. १९८६ च्या नोव्हेंबरात शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने चांदवडला शेतकरी बायकांचे अधिवेशन भरवले होते. काकू तेव्हा तरुण होत्या. डोक्यावर भाकरीचे गाठोडे घेऊन ट्रकमधून गेल्या होत्या. लाखांनी बायका जमल्या होत्या. त्या चळवळीतूनच पुढे ‘लक्ष्मीमुक्ती’ची हाक निघाली. नवऱ्याने जमिनीचा काही भाग आपणहून बायकोच्या नावे करावा, ही ती हाक. कित्येक गावांनी ती पाळली. पुढे सरकारनेही नवऱ्याबरोबर बायकोचे नाव उताऱ्यावर लावण्याची सोय केली. मी विचारले, “मग काकू, तुमच्या गावच्या जमिनीवर तुमचं नाव लागलं?” काकूंनी जोरात पायडल मारले आणि बराच वेळ त्या पुढेच राहिल्या.

चौथ्या दिवशी सकाळी ओझरला एका चारीवर गेलो, आणि जे सांगण्यासाठी मी आज उभी राहिले आहे ते मला तिथे दिसले.

दिंडोरी तालुक्यात वाघाड नावाचे धरण आहे. त्याच्या कालव्याचे शेवटचे टोक ओझरकडे येते. धरण झाले, कालवा झाला, पण शेवटच्या शेतांना पाणी पोचेना. वरचे लोक दारे फोडून घेत, मोटारी लावून उपसत, आणि खालच्यांना फक्त कोरडी चारी आणि पाणीपट्टी. १९९० च्या सुमारास बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी इथल्या शेतकऱ्यांना एकत्र आणून पाणीवापर संस्था स्थापल्या. संस्थेने सरकारकडून पाणी मोजून घ्यायचे आणि आपल्या सभासदांना मोजून द्यायचे. पुढे हळूहळू सर्व धरणाच्या पाण्याचा कारभार अशा संस्थांच्या हाती आला. विहिरी पुन्हा भरल्या, बागा उभ्या राहिल्या, भांडणे सरली असे नाही, पण ती आता संस्थेच्या बैठकीत होतात.

चारीवर एक पाटकरी भेटला. मी त्याला विचारले, “पाण्याची पाळी कुठून सुरू करता? धरणाकडून?” तो म्हणाला, “नाही आजी, शेपटाकडून. आधी शेवटच्या शेताला, मग त्याच्या वरच्याला, असं वर वर यायचं. २००५ च्या कायद्यातच आहे तसं. वरच्याला आधी दिलं तर शेवटच्याला कधीच मिळत नाही. शेवटच्याला आधी दिलं तर वरच्याला काही कमी पडत नाही, पाणी त्याच्या दारावरूनच तर जातं!”

मैत्रिणींनो, मी त्या चारीच्या काठावर सायकल धरून उभी राहिले. एवढी सरळ गोष्ट! आपल्या घरात पाळी कुठून सुरू होते? गरम पोळी आधी कुणाला, दवाखान्यात आधी कोण जातो, शिकायला दूर कुणाला धाडायचे, उताऱ्यावर नाव कुणाचे? पाणी वरून सुटते, आणि शेवटच्या वाफ्यात आपण उभ्या असतो. उरले तर मिळते. आपल्याही मागे आणखी कोणी असते: आपल्या घरी भांडी घासायला येणारी, आणि बागेत मान वर करून मणी कापणारी ती सुरगाण्याची बाई. आपण शेवटच्या आहोत म्हणून रडतो आणि आपल्या मागच्या शेताचे दार आपणच बंद करतो.

आता वाइनचा भाग. पुढच्या रांगेतल्या काही भगिनी मघापासून याचीच वाट बघत आहेत, हे माझ्या लक्षात आले आहे!

दिंडोरीहून आडवाटेने गंगापूर धरणाच्या अंगाला आलो. आपण नाशिककर नळ सोडतो तेव्हा जे पाणी येते त्यातले पुष्कळ या धरणाचे. त्याच्या काठाच्या टेकड्यांवर १९९७ साली राजीव सामंत यांनी वाइनसाठी वेल लावले आणि २००० साली ‘सुला’ची पहिली वाइन निघाली. २००१ साली महाराष्ट्र सरकारने या धंद्यासाठी खास धोरण आखले आणि दिंडोरी, विंचूर भागात वायनऱ्या उभ्या राहिल्या. २००८ नंतर मंदी आली तेव्हा कित्येक शेतकऱ्यांनी हे वेल उपटूनही टाकले. कारण ही द्राक्षे खायच्या कामाची नाहीत, वायनरीने घेतली नाहीत तर बाजारात त्यांना कुणी विचारत नाही.

आम्ही एका लहान वायनरीत गेलो. मणी लहान, साल जाड, बिया भरपूर. तिथल्या मुलीने सांगितले, की या वेलाला पाणी हात राखून द्यावे लागते. थोडी तहान ठेवली तर रस घट्ट उतरतो. तांबडी वाइन सालीसकट आंबवतात म्हणून तिला रंग येतो. पांढरीचा रस आधीच पिळून वेगळा करतात. युरोपात द्राक्षे सप्टेंबर-ऑक्टोबरात खुडतात, आपल्याकडे जानेवारी ते मार्च, कारण आपला पावसाळा टाळावा लागतो. मोठमोठ्या पोलादी टाक्या, आत गारवा, आणि सगळीकडे आंबलेल्या रसाचा वास.

मग तिने तीन पेले पुढे केले. काकूंनी हात जोडले. त्यांच्या गावात बायकांनी मतदान करून आडवी बाटली निवडली आणि दारूचे दुकान बंद पाडले होते, त्या म्हणाल्या, “मी एकदा आडवी केलीय, आता उभी करणार नाही.” भाचीने चव घेतली. मी नुसता वास घेतला, आणि मला एकदम माझ्या आजीच्या फडताळातली द्राक्षासवाची बाटली आठवली. बाळंतिणीला दोन चमचे मिळायचे! तीन बायकांनी तीन निरनिराळे निर्णय घेतले आणि कुणी कुणाला बोल लावला नाही. आपल्या मंडळातही असेच असावे असे मला वाटते.

मला त्या थंडगार दालनात एकच विचार छळत होता. तहान वेलाला मानवते. माणसाला नाही. वहिनीला पस्तीस वर्षे थोडे तहानलेले ठेवून तिच्यात कसला रस उतरला?

घरी आलो तेव्हा ह्यांनी दारातच विचारले, “दमलीस?” आणि माझ्या हातातून सायकल घेऊन स्वतः जिन्याखाली लावली. हेही थोडे नाही.

यापुढची गोष्ट दिवाळीची. भाऊबीजेला दादा आला. ओवाळल्यावर त्याने दरवर्षीप्रमाणे पाकीट काढले. मी म्हटले, “दादा, पाकीट राहू दे. या वर्षी ओवाळणी मी मागते ती दे. वहिनीचं नाव उताऱ्यावर लाव.” तो गप्प झाला. ताटातले निरांजन फडफडत होते आणि मला वाटले, झाले, माहेर तुटले. जेवण होईपर्यंत तो काही बोलला नाही. निघताना चपला घालता घालता म्हणाला, “तलाठ्याकडं काय काय कागद लागतात, ते तुझ्या भाचीला विचारून ठेव.” अर्ज दिला आहे. नोंद अजून व्हायची आहे. झाली म्हणजे पुढच्या वर्षी सांगेन. नाही झाली तर तेही सांगेन.

मंडळाला माझी सूचना लहानशी आहे. आपण दर वर्षी हळदीकुंकवाला वाण म्हणून डबे, वाट्या, पर्सा लुटतो. या वर्षी महिन्यातून एक दुपार अशी ठेवू या, की कुणाला कसला कागद पुढे आला असेल तर तो चारजणींनी मिळून वाचायचा. सही करायची की नाही हे जिचे तिने ठरवावे. मी केली तशी न वाचता मात्र करू नये. आणि त्या दुपारी आपल्याकडे कामाला येणाऱ्या बायकांनाही बोलवावे, आणि पहिला कागद त्यांचा वाचावा. पाटकऱ्याचा नियम आपल्यालाही लागू पडतो.

काकूंनी कालच मला विचारले, की एखाद्या घराच्या कागदावर नंतर नाव लावता येते का. मी म्हटले, पहिल्या दुपारी पहिल्या तुम्हीच या.

आता वाण लुटायला उठू या. फक्त आज मागच्या रांगेपासून सुरुवात करावी, एवढी विनंती करून मी आपली रजा घेते.